भादव्याचा ताप

भांडण एका खड्ड्यावरून चाललं होतं, आणि खड्डा रामकिसनचा होता. खड्ड्याच्या चारी बाजूंची जागा रामकिसनची, जागेभोवतीचा कूड रामकिसनचा, कुडाबाहेर उभी असलेली मुरमाची ट्रॉलीही रामकिसननंच आणलेली. मजीदचं त्यात काहीच नव्हतं. तरी मजीद सकाळपासून खड्ड्यापासून दहा हातांवर, कुडाच्या दारात, उन्हात उकिडवा बसला होता आणि ट्रॉलीला आत येऊ देत नव्हता.

कमरुन्निसा अंगणात मुगाच्या शेंगा बडवत होती. निरोप घेऊन फकिरा आला. फकिरा म्हणजे रामकिसनचा सालगडी, पन्नाशीचा, काटकुळा.

"भाबी, चला बरं. मजीददादा बसलेत."

"कुठं बसलेत?"

"पेवापाशी. ट्रॉलीला आडवे."

"कामून?"

"त्येच तर कुणाला ठाऊक नाय. दादाला बी नसंल. तात्यासाहेब इचारून इचारून दमले."

कमरुन्निसानं मोगरी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि निघाली.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कणगी. टाकळी हे गाव देवगाव रंगारीपासून दीड कोसावर, पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर वसलेलं. ती माती घट्ट असते, पाणी धरत नाही. तिच्यात दोन पुरुष खोल, खाली ऐसपैस आणि वर अरुंद, असा खड्डा खणत. आतून शेणामातीनं लिंपत, कडब्याचं अस्तर देत, ज्वारी भरत, आणि तोंडावर धोंडा ठेवून फटी ओल्या मातीनं लिंपून टाकत. दाणा तीन-चार वर्षं टिकायचा. पत्र्याच्या कोठ्या आल्यापासून टाकळीतली पेवं एकेक करून बुजली होती. एक रामकिसनचं तेवढं राहिलं होतं, तेही दहा-बारा वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. त्यावर आता त्याला गोठा बांधायचा होता.

कमरुन्निसा पोचली तेव्हा तात्यासाहेब बाजेवर बसले होते. ते सरपंच, त्यामुळं बाज त्यांच्यासाठी आणलेली. बाकीचे उभे होते.

"मज्या, पुन्हा इचारतो," तात्यासाहेब म्हणाले. "ही जागा तुही हाये का?"

"नाय."

"पेव तुहं हाये का?"

"नाय."

"त्यात तुही ज्वारी हाये?"

"नाय."

"मंग तुहं हाये तरी काय त्यात?"

मजीदनं बराच वेळ विचार केला. "काय नाय," तो म्हणाला.

"गुप्तधन असंल," मागून कुणीतरी बोललं.

"धन असतं तर मालकानं मला कवाच खाली सोडला असता," फकिरा म्हणाला. लोक हसले. मजीद हसला नाही, आणि रामकिसनही हसला नाही.

रामकिसन आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. तो म्हणाला, "तात्या, माहं एकच म्हणणं हाये. पितरं सुरू व्हायच्या आत हे बुजवायचं."

"पितरं होऊ दे," मजीद म्हणाला. "मंग बुजव."

तात्यासाहेबांनी दोघांकडं पाहिलं. पितृपक्षात कुणी नवं काम काढत नाही, तेव्हा रामकिसनची घाई त्यांना कळत होती. मजीदचा उशीर कळत नव्हता. पण हिशेब त्यांना सोपा वाटला. "म्हंजे तुमच्यात भांडण पंधरा दिवसांचं हाये. रामकिसन, पंधरा दिवसांत खड्डा काय पळून जातो का?"

"खड्डा नाय जात. पण अजून एक पंधरवडा म्या नाय काढू शकत."

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. कमरुन्निसानं सोडलं नाही. माणूस खड्ड्याबद्दल असं बोलत नाही, दुखण्याबद्दल बोलतो.

शेवटी तात्यासाहेबांनी जुनी रीत काढली. तळाला दाणा ठेवून पेव बुजवायचं नसतं. आधी उघडायचं, वारा लागू द्यायचा, तळ झाडून घ्यायचा, मग माती. "परवा उघडा. दाणा काढा. पुढचं पुढं बघू." एवढं बोलून ते बाजेवरून उठले. ट्रॉलीवाला मुरूम कुडाबाहेर ओतून निघून गेला.

मजीद उठला तेव्हा त्याला धाप लागली होती. तो काही काम करून उठला नव्हता. कमरुन्निसानं त्याच्या हाताला हात लावला. तळवा गार होता आणि भिजलेला.

"बुखार है क्या जी?"

"नै."

"फिर?"

"कुछ नै बोला ना."

दोघं एकमेकांशी दखनी बोलत आणि गावाशी मराठी. पण काही गोष्टी मजीद दोन्ही भाषांत बोलत नसे.

कमरुन्निसा सिल्लोडची. वडील कापसाच्या गाठी मोजायच्या कामावर होते, मुलीला त्यांनी सातवीपर्यंत शिकवलं होतं. लग्न होऊन ती टाकळीला आली त्याला अठरा वर्षं झाली. पहिल्याच साली, भादव्यात, तिला कळलं की नवऱ्याला ताप येतो. पुनव सरली की येतो, नऊ-दहा दिवस राहतो आणि आपोआप जातो. त्या दिवसांत तो बोलत नाही. ज्वारीची भाकर पुढं आली की सरकवतो, बाजरीची खातो. घराचं दार लावू देत नाही. कुणी मागून आलं तर अंग चोरतो. सासू म्हणाली, "दर साल का है. होने दे."

दुसऱ्या साली कमरुन्निसानं माहेराहून थर्मामीटर आणलं. तिनं ते सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला लावून पाहिलं. पारा साडेअठ्ठ्याण्णवच्या वर गेला नाही. तिसऱ्या सालीही गेला नाही. चौथ्या साली तिनं खात्री करायला स्वतःलाही लावून पाहिलं. ते बरोबर होतं. तरी घरात त्याला ताप म्हणत, कारण दुसरा शब्द नव्हता.

कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. सासूनं ते एकदाच सांगितलं होतं, तांदूळ निवडता निवडता. रझाकारांच्या वर्षात त्यांनी या भागात लोकांचे जीव नकोसे केले होते; रामकिसनच्या बापाची कडब्याची गंज जाळली होती, बैल नेले होते. मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि राग सुटला तो ज्यांनी केलं त्यांना सोडून जे सापडले त्यांच्यावर. बाहेरगावच्या टोळ्या फिरत होत्या. सासू बहिणीच्या बाळंतपणाला सिल्लोडला गेलेली. घरात सहा वर्षांचा मजीद आणि त्याचा बाप हैदर. हैदरनं पोराला शेजारच्या मनकर्णाबाईच्या हवाली केलं आणि भावाची बायकापोरं आणायला गेला. मनकर्णाबाई म्हणजे रामकिसनची आई. पोरगा तिच्या रिकाम्या पेवात राहिला. नऊ दिवस.

ते दिवस पितरांचे होते. घरोघर पानं मांडली जात होती. मनकर्णाबाई कावळ्याचा घास घेऊन परसात जायची आणि पेवात सोडायची. घरातल्या माणसांचं अन्न कमी झालं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. कावळ्याचं कुणी मोजत नाही.

पोरगा वाचला. बाप परतला नाही. तो मेलेला कुणी पाहिला नाही, म्हणून सासूनं मरेपर्यंत हातात काचेच्या बांगड्या ठेवल्या.

पुढं मनकर्णाबाईनं एक रीत पाडली. पितरांत आपल्या घरी पितर म्हणून ती दर साल मजीदला जेवायला बसवायची. दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. ती म्हणाली, "माह्या घरचे पितर यानंच खाल्लेत. त्यायला याची सवय झाली." त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

एवढं सगळं ठाऊक असूनही त्याचा उपयोग काही नव्हता. कमरुन्निसाला वाटे, कारण कळलं की दुखणं जातं असं शाळेत सांगतात, पण ते विषमज्वराचं असेल.

हे साल मात्र वाईट होतं. ताप पुनवेच्या आधीच आला होता. मनकर्णाबाई गेल्या सालच्या माघात वारली. वर्ष फिरायच्या आधी पान मांडत नाहीत, म्हणून मागल्या भादव्यात मजीदला बोलावणं नव्हतं. यंदा जेठात नजमुन्निसाचं लग्न झालं. एकुलती पोरगी सिल्लोडला गेली आणि घरात आवाज राहिला नाही. तेव्हापासून मजीद घरात झोपायचा बंद झाला होता. पाऊस असला तर ओसरीवर, नसला तर अंगणात. आणि आता हा खड्डा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमरुन्निसा रामकिसनच्या घरी गेली. सोबत सूप आणि मूग, म्हणजे कामानं आल्यासारखं दिसावं. रामकिसनची बायको द्वारकाबाई ओसरीवर बाजरीचं पीठ चाळत होती. ती जाड, गोरी, आणि एकदा बोलायला लागली की चाळण थांबवणारी बाई.

"या, कमरूभाबी. भांडायला आलाव का पाखडायला?"

"पाखडायला. भांडायला घरात माणूस हाये."

"हाये नं! आमच्याकडं बी हाये. काल आल्यापासून पोटावर उशी धरून पडलंय. ओवा दिला, हिंग लावला."

"पोट दुखतं?"

"दर साल. पितरं आली की याचं पोट उठलंच. लोक म्हणतेत, खीर-वडे लई खातो. अहो, कशाचं खातो! पंधरा दिवस भाताच्या पेजेवर असतो. गेल्या साली तर पितरं नव्हतीच, वडा तळला नाय घरात. तरी दुखलं."

कमरुन्निसाचं सूप थांबलं. "कवापासून हाये हे?"

"माह्या लग्नाच्या आधीपासून. सासूबाई म्हणायच्या, लहानपणापासून हाये, होऊ दे."

"होऊ दे, म्हणायच्या?"

"हाव. आमच्या सासूबाईला सगळ्यावर तेवढंच औषध."

"माह्या बी सासूला तेवढंच होतं," कमरुन्निसा म्हणाली. "वैनी, दुखतं ते किती दिवस?"

द्वारकाबाईनं बोटांवर मोजलं. "नऊ. लई झालं तर दहा."

 आतून रामकिसनचा आवाज आला, "कोण हाये गं?"

"कुणी नाय," द्वारकाबाई म्हणाली, "मूग हायेत." आणि हळू आवाजात, "भाबी, त्या दिवसांत हे बी आठ वर्षांचे होते नं."

"मला ते कवा सुचलंच नाय," कमरुन्निसा म्हणाली. "म्या समजत होते, जो आत होता त्यालाच झालं."

पेव उघडायच्या दिवशी ऊन चटका देत होतं आणि बाजरीच्या कणसांवर पाखरं बसत होती. राखणीला माणसं हवी होती, तरी अर्धं गाव परसात होतं. फकिरानं कुदळीनं मातीचं लिंपण फोडलं. दोघांनी पहार घालून धोंडा सरकवला. आतून आंबूस, उबट वास आला. पुढं उभे होते ते नाक धरून मागं सरकले.

मजीद कुडाच्या दाराशी उभा होता. त्याहून पुढं तो तेहतीस वर्षांत कधी आला नव्हता. पितरांचं जेवणही तो ओसरीवर, परसाकडं पाठ करून जेवायचा.

फकिरानं दोराला कंदील बांधून आत सोडला. एक पुरुष खाली गेल्यावर ज्योत लहान झाली, निळी झाली, विझली. त्यानं कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच विझला.

"वाऱ्यानं असंल," रामकिसन म्हणाला. त्याचा एक हात पोटावर होता. "फकिरा, उतर पटकन. झाडून वर ये, एवढंच तर हाये."

"मालक, वारा वर हाये. आत कुठून आला?"

"उतर म्हणतो नं! आज सगळं उरकायचं हाये."

फकिरानं कमरेला दोर बांधला आणि पाय आत सोडले.

"थांब!"

मजीदचा आवाज एवढा मोठा असतो हे कमरुन्निसाला अठरा वर्षांत ठाऊक नव्हतं. तो कुडाच्या दारातून सरळ चालत आला, त्यानं फकिराची काखोटी धरली आणि त्याला बाहेर ओढून बाजूला बसवला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण तोंडाशी उभे आहोत.  तो खाली बसला, पण मागं सरकला नाही.

"तळाला दाणा सडलाय," तो म्हणाला. "दाणा हवा खातो. जी उरते ती जड असते, तळाला बसते. जिथं ज्योत जगत नाय तिथं माणूस जगत नाय. आधी लिंबाचा डहाळा आणा. मोठा. दोराला बांधा आन् विहिरीतून पाणी शेंदल्यासारखा वर-खाली करा."

डहाळा आणला. फकिरा आणि अजून एक जण आळीपाळीनं तो सोडायला-ओढायला लागले. पाला आतल्या भिंतींना घासून खसखस आवाज येत होता.

"हे तुला कुणी शिकवलं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"माय रोज सकाळी करायची," मजीद म्हणाला. मनकर्णाबाईला तो माय म्हणायचा. "पाला अंगावर गळायचा. पहिल्या दिवशी म्या भ्यालो. मंग वाट पाहायचो."

रामकिसन धोंड्यावर बसला. बसल्याबरोबर ताडकन उठला, जणू चटका बसला, आणि जमिनीवर बसला.

"म्या त्याच्यावर बसलो होतो," तो म्हणाला.

"आता? पाहिलं नं," तात्यासाहेब म्हणाले.

"आता नाय. तवा. आठव्या दिवशी. ते आले, आठ-दहा जण, भाले घेऊन. मायनं घाईघाईनं धोंडा लोटला, फटी लिंपल्या आन् मला वर बसवला. म्हणली, इथून हलायचं नाय. त्यायनं इचारलं, पोरा, खाली काय हाये? म्या म्हणलं, ज्वारी. आन् तेवढ्यात हा खाली रडाया लागला."

"म्या नाय रडलो," मजीद म्हणाला. "माय म्हणली होती, आवाज काढायचा नाय. तू रडत होता. मला आत ऐकू येत होतं."

"आरं, तू रडला म्हून तर म्या रडलो! तुहा आवाज दाबाया. पोट दुखतं, पोट दुखतं, करून बोंबललो, गडबडा लोळलो धोंड्यावर. ते हसले आन् गेले."

"मंग झालं की," तात्यासाहेब म्हणाले.

"नाय झालं." रामकिसनचा मोठा आवाज बारीक झाला होता. "माय त्यायला वेशीपर्यंत पाहून आली. म्हणली, ऊठ आता. म्या उठलोच नाय. मला वाटलं, उठलो की ते परत येतील. तिनं हात धरून ओढलं, म्या धोंड्याला मिठी मारली. ती मारत होती मला. किती वेळ गेला, ठाऊक नाय. धोंडा सरकला तवा खालून आवाजच येत नव्हता. तिनं कंदील सोडला, तो विझला. ती खाली उतरली नाय, डहाळा सोडला तिनं आन् हलवत राहिली, हलवत राहिली. लई वेळानं हा खोकला. तंवर म्या याला मारला होता. माह्या हिशेबी मारला होता. मंग हा खोकला ते निराळं."

 डहाळ्याची खसखस तेवढी चालू होती.

मजीद त्याच्याकडं वळला.

"येडा हायेस, राम्या," तो म्हणाला. "मला वाटलं, तुहं खरंच पोट दुखतंय. अंधारात बसून म्या तुह्या पोटाची काळजी करत होतो."

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते कमरुन्निसाला कळलं नाही, बहुधा द्वारकाबाईलाही कळलं नसावं.

"म्हून बुजवायचंय तुला?" मजीदनं विचारलं.

"म्हून. माय होती तंवर म्या बोललो नाय. आता ती नाय. हे रोज दिसतं मला." रामकिसननं नाक पुसलं. "आन् तुला पितरं होईस्तोवर कामून ठेवायचंय? तू तर याच्या जवळ बी येत नाय."

कमरुन्निसा पुढं झाली नाही. या प्रश्नाचं उत्तर तिला अठरा वर्षं हवं होतं; घाईनं ते परत आत गेलं असतं.

मजीद पेवाकडं पाहून बोलला. "माय म्हणली होती, गप बस, तुहा बाप तुला न्यायला येईल. इथंच येईल, याच तोंडाशी. अब्बानंच मला आत उतरवलं होतं, त्याला जागा पक्की ठाऊक होती. पितरांच्या आत बुजवलं तर यंदा तो येईल कुठं? दुसरी जागा त्याला ठाऊक नाय."

"मज्या, तेहतीस वर्षं झाली."

"म्या मोजलीत."

"तो आता..."

"मला ठाऊक हाये, राम्या. म्या काय खुळा हाये का? मला सगळं ठाऊक हाये. ठाऊक असून वाट पाहतो, त्याला काय करू?"

तात्यासाहेब खाकरले. त्यांनी फकिराला म्हटलं, "कंदील सोड."

कंदील सोडला. तो तळाला टेकला आणि जळत राहिला.

"उतरतो," फकिरा म्हणाला.

"नाय," मजीद म्हणाला. "म्या."

कमरुन्निसाच्या तोंडून "नक्को जी" निघून गेलं. मजीदनं तिच्याकडं पाहिलं, पण दोर कमरेला बांधणं थांबवलं नाही. दुसरं टोक त्यानं रामकिसनच्या हातात दिलं. "धर. या खेपेला बसू नको, उभा राहा."

रामकिसननं पोटावरचा हात काढला आणि दोन्ही हातांनी दोर धरला.

मजीद आत गेला. तोंडाशी खांदे थोडे अडकले, मग डोकंही दिसेनासं झालं. दोर सरकत होता तोवर कमरुन्निसा दोराकडं पाहत होती. मग दोर थांबला. आतून काही आवाज येईना. रामकिसननं दोराला हिसका दिला. "मज्या," त्यानं हाक मारली. "मज्या, आवाज दे!"

"आरं, केवढुसं हाये हे!" खालून आवाज आला. तो घुमत होता आणि त्यात नवल होतं. "राम्या, लई लहान हाये. हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. मला वाटायचं, आपल्या गावाएवढं हाये."

"वर ये!"

"झाडून घेऊ दे."

त्यानं तळ झाडला. तीन टोपल्या काळा, कुजका दाणा वर आला. चौथ्या खेपेला तो स्वतः आला. पागोट्यात लिंबाचा पाला अडकला होता, अंग काळ्या भुशानं भरलं होतं.

"काय गावलं का?" फकिरानं विचारलं. गुप्तधनाची आशा त्यानं पुरती सोडली नव्हती.

"काय नाय," मजीद म्हणाला. पण या वेळी त्यानं ते पाहून सांगितलं होतं.

त्या दिवशी मुरूम पडला नाही. रामकिसननंच सांगितलं, पितरं होऊ द्या. त्याचं पोट दुखलं, पण तो पेजेऐवजी भाकर खात होता, असं द्वारकाबाईनं कळवलं.

सप्तमीला मनकर्णाबाईचं पहिलं पान होतं. सकाळी न्हाऊन मजीद निघाला. शबे-बरातीला कमरुन्निसा दर साल हलवा करायची आणि सासूच्या नावानं फातेहा, म्हणजे मेलेल्यांसाठीची दुवा, व्हायची. सासऱ्याचं नाव घ्यायची मनाई होती. नाव घेतलं असतं तर तो मेला असता. आज ती दारात उभी राहून म्हणाली, "अब्बा का नाम लूँ?"

मजीदनं चपला घातल्या. एक चप्पल झाडून पुन्हा घातली. अंगण ओलांडून गेला आणि कुडापाशी थांबला.

"ले," तो म्हणाला. "हैदर वल्द कासम. पूरा ले."

द्वारकाबाईनं पान परसात मांडलं होतं, पेवाच्या तोंडाशी. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. मजीद पेवाकडं तोंड करून बसला. शेजारी रामकिसन बसला. कावळ्याची वाट कुणी पाहिली नाही. त्या घरात मजीद जेवला की काम झालं असं धरायचे. जेवण झाल्यावर कमरुन्निसानं डोक्यावर पदर घेतला, हात उघडे धरले आणि फातेहा पढली. तात्यासाहेब तिथं आले होते. त्यांनी टोपी काढावी की ठेवावी हे न कळून ती हातात धरली.

दसऱ्यानंतर पेव बुजलं. मुरूम तीन ट्रॉल्या लागला. पहिलं घमेलं मजीदनं टाकलं. धोंड्याचं काय करायचं हे रामकिसननं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता बैलगाडीत घालून मजीदच्या दाराशी आणून टाकला.

"हे कशाला?" कमरुन्निसा म्हणाली.

"असू दे," मजीद म्हणाला. "अब्बाला हा धोंडा ठाऊक हाये."

कमरुन्निसानं त्याच्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा सरळ होता. तिनं वाद घातला नाही. धोंडा सपाट होता, कपडे धुवायला चांगला झाला.

पुढल्या सालच्या भादव्यात, पुनव सरल्यावर दुसऱ्या दिवशी, मजीदला ताप आला. तो बोलेना, ज्वारीची भाकर त्यानं सरकवली. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "नजमा कब आती?" आणि ज्वारीची भाकर कुस्करून दुधात टाकली. कमरुन्निसानं मोजलं: मागल्या खेपेला दहा दिवस, या खेपेला तीन. रामकिसनचं पोट पाच दिवस दुखलं.

थर्मामीटर तिनं याही साली लावलं होतं. पारा साडेअठ्ठ्याण्णवच होता.